कोरियात कुत्रा गेला तर: घरातल्या पहिल्या तासापासून एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत

कोरियात राहत असाल, घरातला कुत्रा म्हातारा झाला असेल किंवा आजारानं अंथरुणाला खिळला असेल, तर एक वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा: 'छिबुरो देर्योगाल्गेयो'. याला आम्ही घरी घेऊन जाणार आहोत, एवढाच त्याचा अर्थ. प्राण्यांच्या दवाखान्यात कुत्र्यानं शेवटचा श्वास घेतला की हे वाक्य लगेच आणि स्पष्ट बोलायचं. नाही बोललात, गोंधळात समोर आलेल्या कागदावर सही केलीत, तर पुढचं सगळं तुमच्या हातातून जाऊ शकतं.

त्यामागचं कारण कायद्यात आहे. कोरियाच्या कचरा व्यवस्थापन कायद्यानुसार पाळीव प्राण्याचा मृतदेह हा कचरा धरला जातो. मृत्यू घरी झाला तर घरगुती कचरा. म्हणजे महापालिकेच्या ज्या विकतच्या पिशवीत आपण रोजचा कचरा भरतो, त्या 'जोंग्न्यांगजे' पिशवीत घालून तो देह बाहेर ठेवणं कायदेशीर आहे. दवाखान्यात झाला तर वैद्यकीय कचरा. मग दवाखाना ज्या कंत्राटदाराला सुया आणि बँडेज देतो, त्याच्याच गाडीतून तोही भट्टीकडे जातो. तिसरा मार्ग परवानाधारक प्राणी अंत्यसंस्कार केंद्राचा. तिथे नेलेला देह कायद्याच्या लेखी कचरा राहत नाही. दवाखान्यात मृत्यू झाला तरी मालकानं मागितला तर देह परत मिळतो, पण तो मागावा लागतो.

पुरणं मात्र बेकायदा आहे. डोंगरात, नदीकाठी, बागेत नाहीच, स्वतःच्या मालकीच्या जागेतही नाही. दहा लाख वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. गावाकडे परसात आंब्याखाली किंवा शेताच्या बांधाला कुत्रा पुरण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे पटायला जड जातं. कोरियातल्या खेड्यांतली म्हातारी माणसंही अजून 'मागच्या टेकडीवर पुरून टाक' असाच सल्ला देतात. तो प्रेमानंच दिलेला असतो, पण ऐकू नका.

कायदा कचरा म्हणतो आणि समाज मूल म्हणतो. या दोन टोकांच्या मध्ये कोरियातला कुत्र्याचा मृत्यू घडतो. दवाखान्यात तुम्हाला कोणी 'मालक' म्हणत नाही, 'बोहोजा' म्हणजे पालक म्हणतात, आणि कुत्र्याची आई, कुत्र्याचा बाबा ही तर रोजचीच भाषा. याच देशात जानेवारी २०२४ मध्ये कुत्र्याच्या मांसाच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा संसदेत २०८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. तीन वर्षांच्या मुदतीनंतर, फेब्रुवारी २०२७ पासून शिक्षेची तरतूद लागू होते असं त्याचं वेळापत्रक. एवढा बदल एका पिढीत झाला, त्यामुळे एकाच घरात आजोबा आणि नात कुत्र्याच्या मरणाकडे अगदी वेगळ्या नजरेनं बघताना दिसतात.

आता घरी काय करायचं ते सांगतो, कारण पहिले दोन-तीन तास महत्त्वाचे असतात.

आधी खात्री करा. छातीची हालचाल थांबल्यावरही स्नायू अधूनमधून थरथरतात, कधी एखादा श्वासासारखा झटका येतो. ते जिवंतपणाचं लक्षण नसतं, पण शंका असेल तर चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याला फोन करा. डावीकडे कोपराच्या मागे छातीवर हात ठेवून काही मिनिटं ठोके लागतात का बघा. हिरड्या पांढुरक्या-निळसर झालेल्या असतात.

शरीर ताठ व्हायला साधारण दोन-तीन तासांत सुरुवात होते, उन्हाळ्यात त्याआधीही. म्हणून त्याआधीच त्याला झोपल्यासारखं कुशीवर ठेवा, पाय हळुवार पोटाकडे दुमडा, शेपटी आत घ्या. पाय लांब राहिले आणि तसेच ताठरले, तर पुढे पेटीत किंवा टोपलीत ठेवताना अडचण येते. ताठरलेला पाय जोर लावून वाकवू नका. एक-दोन दिवसांत ताठरपणा आपोआप उतरतो. डोळे मिटायचा प्रयत्न करा. बोटानं पापणी थोडा वेळ धरून ठेवली तर कधी मिटतात, पण कुत्र्यांचे डोळे बहुतेक वेळा अर्धवट उघडेच राहतात. त्यात वेदनेची किंवा 'जीव अडकल्याची' खूण शोधू नका. जीभ बाहेर असेल तर दातांच्या आत सरकवा.

डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. डोकं शरीरापेक्षा थोडं वर राहिलं तर पोटातलं पाणी तोंडा-नाकातून येत नाही. मागच्या भागाखाली शी-शूसाठी वापरायचं पॅड पसरा, दोन असतील तर दोन. स्नायू सैल पडले की मूत्राशय आणि आतडी रिकामी होतात. बरीच माणसं इथे घाबरतात, पण हे प्रत्येक देहात होतं. ओल्या पुसण्यांनी तोंड, डोळ्यांचे कोपरे, पंजे पुसून घ्या. आंघोळ घालू नका. ओली कातडी आणि दाट केस वाळत नाहीत, आणि ओलाव्यानं देह लवकर खराब होतो.

आता कोरियातली खास गोष्ट: ओंदोल. हिवाळ्यात जमीन तापवलेली असते आणि कुत्र्याची आवडती जागा नेमकी तीच असते. शोकात लोक त्याला त्याच गरम जागी, त्याच्याच गादीवर ठेवतात, आणि सकाळपर्यंत पोट फुगतं, वास येऊ लागतो. त्या खोलीची ओंदोल आधी बंद करा, खिडकी किलकिली करा. उन्हाळ्यात, विशेषतः जून अखेर ते जुलैच्या जांगमात, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, एसी चालू ठेवा. बर्फाचे पॅक टॉवेलात गुंडाळून पोटाखाली आणि पाठीशी लावा. उघडे लावले तर त्यांना सुटलेलं पाणी केसांत मुरतं. पोटाचा भाग सगळ्यात आधी बिघडतो, म्हणून थंडावा तिथे हवा. पॅक पाच-सहा तासांनी बदला. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, सुती चादर पांघरा. एवढं केलं तर दोन दिवस, थंडीत तीन दिवसही शांतपणे जातात. घाई करायचं कारण नाही. घरातल्या शाळकरी मुलाला येऊ द्या, गावाहून येणाऱ्या माणसाची वाट बघा. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही जवळ येऊन हुंगू द्या. ज्यांना हुंगू दिलं जात नाही ते कुत्रे कधीकधी कितीतरी दिवस दाराशी बसून राहतात.

तोंडात पाण्याचा थेंब, तुळशीचं पान, कपाळाला हळद-कुंकू असं आपलं काही करायचं असेल तर ते घरीच, सावकाश करा. केंद्रात वेळ ठरावीक असतो.

केंद्र निवडताना सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण फोन करणारा माणूस रडत असतो. सोल शहरात प्राण्यांसाठी परवानाधारक दहनभट्टी नाही. मोठी वस्ती, शाळा यांच्यापासून तीनशे मीटरच्या आत अशी भट्टी उभारायला कायद्यानं बंदी आहे, आणि शेजाऱ्यांचा विरोध तर प्रत्येक वेळी होतोच. म्हणून सोलची माणसं ग्यॉन्गी प्रांतात जातात: ग्वांगजू, किम्पो, कोयांग, पाजू, नामयांगजू. इथली ग्वांगजू ही सोलच्या आग्नेयेची, दक्षिणेतलं मोठं ग्वांगजू शहर वेगळं. नकाशात पत्ता टाकताना हे तपासा. जेजू बेटावर तर बरीच वर्षं एकही भट्टी नव्हती. तिथल्या माणसांना आपल्या कुत्र्याचा देह घेऊन समुद्र ओलांडावा लागायचा.

इंटरनेटवर वरच दिसणाऱ्या जाहिराती अनेकदा दलालांच्या असतात. त्यांच्याकडे स्वतःची भट्टी नसते, ते कमिशन घेऊन दुसरीकडे पाठवतात. काही जण तर परवाना नसलेल्या ट्रकमधल्या भट्टीत दहन करतात. तिथे राख खरंच आपल्याच कुत्र्याची आहे का, हे कळायला मार्ग नसतो. परवानाधारक केंद्रांची यादी सरकारच्या राष्ट्रीय प्राणी संरक्षण माहिती प्रणालीच्या संकेतस्थळावर मिळते. आधी नोंदणीची पद्धत होती, एप्रिल २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. केंद्रात पोचल्यावर 'होगाज्जुंग', म्हणजे परवान्याचा कागद, भिंतीवर लावलेला दिसायला हवा.

फोनवर विचारायचे प्रश्न मोजकेच, पण उत्तरं नेमकी घ्या. भट्टी तुमच्याच इमारतीत आहे का? 'केब्योल ह्वाजांग' आहे का, म्हणजे एका वेळी एकच देह? 'छामग्वान' करता येईल का, म्हणजे काचेतून किंवा पडद्यावर आम्हाला दहन बघता येईल का? किलोमागे किती आणि मूळ दरात काय काय येतं? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर फोन ठेवा आणि दुसरीकडे लावा. चांगली केंद्रं आकडा सरळ सांगतात.

साध्या, एकट्याच्या दहनाचा दर पाच किलोपर्यंतच्या कुत्र्याला दोन ते अडीच लाख वॉनच्या आसपास पडतो, म्हणजे बारा ते पंधरा हजार रुपये. त्यापुढे प्रत्येक किलोला दहा हजार वॉनच्या आगेमागे. तीन किलोच्या माल्टीजला हा हिशोब लागत नाही, आणि कोरियातल्या फ्लॅटमधले बहुतेक कुत्रे याच आकाराचे. पण अठरा किलोचा, जिंदो या कोरियन जातीचा कुत्रा असेल तर तेरा किलोचे एक लाख तीस हजार वॉन वाढतात. गाडी पाठवून देह न्यायचा असेल तर अंतराप्रमाणे वेगळे पैसे. तुमची गाडी नसेल तर हाच पर्याय घ्या. साध्या टॅक्सीवाल्यानं नकार दिला तर त्या क्षणी वाद घालण्याचं बळ कोणाकडेही नसतं. इमारतीतून खाली नेताना झाकणाचा खोका किंवा त्याचीच प्रवासाची पेटी वापरा, वर चादर. लिफ्टमध्ये शेजारी भेटतात.

खर्च खरा फुगतो तो या मूळ दरानंतर. स्वागताच्या खोलीत सुबक यादी समोर येते: तागाचं वस्त्र, रेशमी वस्त्र, पॉलोनियाच्या लाकडाची पेटी, फुलांची सजावट, पंजाचा साच्यातला ठसा, राखेसाठी चिनीमातीची कुपी, राखेपासून बनवलेले दगडासारखे मणी. एकेक गोष्ट पन्नास हजार, एक लाख, तीन लाख. कर्मचारी अतिशय मऊ आवाजात बोलतात आणि 'शेवटचंच तर आहे' हे वाक्य न बोलताही हवेत असतं. माझं ठाम मत आहे की ही यादी आदल्या दिवशी फोनवरच ठरवून घ्यावी, आणि घरातल्या सगळ्यात कमी रडणाऱ्या माणसाकडे पाकीट द्यावं. पेटी आणि वस्त्र तासाभरात जळून जातात. साध्या सुती पंच्यात गुंडाळलेल्या कुत्र्याचा अंत्यसंस्कार कुठल्याही अर्थानं कमी होत नाही. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर पंजाच्या ठशावर करा, कारण ती वेळ परत येत नाही.

पोचल्यावर आधी देह स्वच्छ करतात. या विधीचं रूप माणसाच्या मृतदेहाला आंघोळ घालून वस्त्र नेसवण्याच्या कोरियन पद्धतीवरून आलेलं आहे. पांढरे हातमोजे घातलेला कर्मचारी टेबलापाशी उभा राहून वाकून नमस्कार करतो आणि कुत्र्याचं नाव घेऊन सुरुवात करतो. ओल्या कापसानं डोळे, कान, मग एकेका बोटाच्या मधली जागा. केस विंचरतो, हवी असेल तर एक बट कापून छोट्या पाकिटात घालून देतो. नाकात आणि मागे कापूस घालतो. घाई नाही, बोलणं नाही. बऱ्याच कुटुंबांना या क्षणी पहिल्यांदा मोकळं रडू येतं, आणि खोलीत टिश्यूचा डबा त्याचसाठी ठेवलेला असतो.

मग निरोपाची छोटी खोली. पडद्यावर तुम्ही आधी पाठवलेले फोटो सरकत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी दहा-बारा चांगले फोटो फोनवर वेगळे काढून ठेवा. त्याचा आवडता खाऊ, खेळणं समोर मांडतात. साधारण वीस-तीस मिनिटं मिळतात. उदबत्ती चालते का, निरांजन चालेल का हे आधी विचारा. अनेक ठिकाणी आगीच्या नियमांमुळे विजेच्याच मेणबत्त्या असतात. कोरियन माणसं इथे काय करतात याला काही ठरावीक रीत नाही. कोणी प्रार्थना म्हणतं, कोणी नुसतं कानामागे खाजवत बसतं. काळे कपडे सक्तीचे नाहीत.

भट्टीत सोबत काय ठेवता येईल याचे नियम कडक आहेत आणि योग्य आहेत. कागदावर लिहिलेली चिठ्ठी, दोन-चार फुलं, थोडा कोरडा खाऊ, पातळ सुती कापड चालतं. रबरी चेंडू, प्लास्टिकचं खेळणं, पट्टा, हार्नेस चालत नाही. वितळलेलं प्लास्टिक हाडांना चिकटतं, हाडं काळी पडतात आणि मग ते सोडवता येत नाही. अखंड नारळ तर अजिबात नाही. आत पाणी असलेली बंद वस्तू भट्टीत फुटते. अंगावरचा जाड स्वेटरही काढायला सांगतात. छोट्या जातींत गुडघ्याची सरकलेली वाटी बसवण्याची शस्त्रक्रिया कोरियात सर्रास होते, तशी झाली असेल तर आधी सांगा. तारा, पिना, स्क्रू दहनानंतर तसेच उरतात. चुंबकाला चिकटणारे चुंबकानं निघतात, बाकीचे हातानं वेचावे लागतात. शेवटी हाडं यंत्रात दळून त्यांची राख करतात, तेव्हा हे न वेचता दळले तर यंत्रही बिघडतं आणि राखेतही तुकडे राहतात.

लहान कुत्र्याला चाळीस मिनिटं ते तासभर लागतो, मोठ्याला दीड-दोन तास. त्यानंतर ट्रेवर हाडं दाखवतात. पांढरी, ठिसूळ, पण आकार ओळखू येतो: मणके, कवटीचा भाग, कधी दात. तयारी नसेल तर हे बघू नका. 'आम्ही बाहेर थांबतो' म्हटलं तर कोणालाही वाईट वाटत नाही. ज्यांना खात्री हवी असते ते इथपासून दळण्यापर्यंत समोर उभे राहतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. राख मिळते ती अगदी थोडी. पाच किलोच्या कुत्र्याची साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम, चहाच्या कपात मावेल एवढी. मोठी कुपी विकत घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

निघताना दहनाचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर कुत्र्याचं नाव, जात, वजन, पालकाचं नाव, तारीख आणि केंद्राचा शिक्का हवा.

राख घरी ठेवणं ही कोरियातली नेहमीची पद्धत. पुस्तकांच्या कपाटात एक खण, कुपी, फोटो, एखादं छोटं फूल. अडचण येते ती दमटपणामुळे. जांगमात हवेतलं पाणी राख शोषून घेते, गाठी होतात, कुपीचं झाकण सैल असेल तर आत बुरशी धरायची भीती असते. राख हवाबंद पिशवीत घालून, सिलिका जेलची पुडी ठेवून मगच कुपीत ठेवायला सांगा. घरी आणल्यावर बाथरूमजवळ, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला, बाल्कनीच्या कपाटात ठेवू नका, आणि सारखी उघडू नका. याच भीतीपोटी अनेक जण राख प्रचंड तापमानाला वितळवून तिचे मणी करून घेतात. ते टिकतात, दिसतातही सुंदर, पण खर्च दोन ते पाच लाख वॉनपर्यंत जातो. एकदा मणी झाले की राख परत नाही. कुठल्या नदीकाठी ती सोडायचा विचार असलेल्या मराठी घरानं म्हणूनच हा निर्णय त्याच दिवशी घेऊ नये. मणी नंतरही करता येतात.

राख भारतात न्यायची असेल तर धातूची कुपी टाळा, विमानतळावरच्या यंत्रातून आतलं दिसायला हवं. लाकडी किंवा जाड कागदी कुपी हातातल्या सामानात, सोबत दहनाचं प्रमाणपत्र आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. विमान कंपनीला तिकीट काढतानाच विचारून घ्या. इकडे मुंबईत महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली, पण आयुष्य कोरियात गेलेल्या कुत्र्याचं दहन कोरियातच करणं सोपं आणि सुटसुटीत.

नोंदणी रद्द करायला विसरू नका. कोरियात दोन महिन्यांवरच्या कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे, त्याला पंधरा अंकी क्रमांक असतो. मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत कळवावं लागतं, नाहीतर दंड होतो. त्याच सरकारी संकेतस्थळावर किंवा तुमच्या भागातल्या 'गु' म्हणजे शहरातल्या विभागाच्या कार्यालयात हे काम होतं. परदेशी ओळखपत्र, नोंदणीचा क्रमांक आणि दहनाचं प्रमाणपत्र न्या. संकेतस्थळावर परदेशी माणसाची ओळख पटवताना अडकायला होतं, म्हणून कार्यालयातच जाणं बरं. भाषेची अडचण असेल तर सोलमध्ये १२० आणि देशभरात परदेशी नागरिकांसाठी १३४५ या क्रमांकांवर इंग्रजीत मदत मिळते. उरलेली औषधं कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नका, सरकारी आरोग्य केंद्रातल्या औषधांच्या पेटीत टाका. न उघडलेला खास आहार प्राण्यांच्या निवाऱ्याला उपयोगी पडतो.

आता दुःखाबद्दल, कारण ते या सगळ्या कामांच्या मागेच उभं असतं.

कोरियन कार्यालयात आईवडील गेले तर तीन दिवसांचा अंत्यविधी, सहकारी रात्री येऊन पांढऱ्या पाकिटात पैसे देतात, जेवून जातात, सुट्टी मिळते. कुत्र्यासाठी कायद्यानं एक दिवसही नाही. वर्षाची रजा किंवा 'बांछा', म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागते. कारण काय सांगायचं हा प्रश्न कोरियन माणसांनाही पडतो, आणि 'घरगुती काम' लिहून निघणारे पुष्कळ आहेत. वयानं मोठ्या साहेबासमोर तेवढंच पुरे. तरुण सहकाऱ्यांना मात्र खरं सांगा. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी कुत्रा असतोच, आणि 'तो इंद्रधनुष्याचा पूल ओलांडून गेला' हे पाळीव प्राणी गेल्यावर बोलायचं वाक्य ते मनापासून बोलतात. कुत्र्याच्या अंत्यविधीला पाकिटात पैसे द्यायचे का, यावर कोरियन इंटरनेटवर कडाक्याचे वाद होतात. तुम्ही कोणाकडे गेलात तर फूल किंवा चार ओळी न्या, तुमच्याकडे कोणी आलं तर पाकिटाची अपेक्षा ठेवू नका.

पुण्याहून किंवा सांगलीहून येणारा फोन जास्त टोचतो. 'अगं, कुत्रंच होतं, दुसरं आण' हे म्हणणाऱ्या मावशीला त्या दिवशी समजावत बसू नका. परक्या देशात, ज्या फ्लॅटमध्ये मराठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं, तिथे तो कुत्रा मराठी ऐकत होता. 'चल फिरायला' म्हटलं की दाराशी जाणारा तो एकटाच होता. त्याच्या जाण्यानं घरातली भाषाच थांबते. हे दुःख मोठं आहे आणि ते मोठं आहे असंच वागवावं.

इंजेक्शन देऊन शांत झोपवण्याचा निर्णय घेतला असेल तर अपराधीपणा हमखास येतो. पशुवैद्य आधी पूर्ण भूल देतो, कुत्रा गाढ झोपतो, त्यानंतरच हृदय थांबवणारं औषध दिलं जातं. दुसऱ्या टप्प्याची त्याला जाणीवही नसते. सही तुम्ही केलीत, पण आजार तुम्ही दिला नव्हता. झोप उडाली, जेवण सुटलं आणि हे दोन-तीन आठवड्यांच्या पुढे गेलं तर डॉक्टरांकडे जा. पाळीव प्राण्याच्या वियोगावर समुपदेशन करणारी माणसं कोरियात आता सहज मिळतात. जगणंच नको वाटू लागलं तर १०९ या क्रमांकावर चोवीस तास कोणीतरी असतं.

कुत्र्याच्या मरणाचा शोक करणं कोरियात नव्यानं आलेलं नाही. जॉल्ला प्रांतातल्या इम्सिल जिल्ह्यात ओसू नावाचं गाव आहे. गोर्यो या जुन्या कोरियन राजवटीच्या काळातली गोष्ट अशी की दारूच्या नशेत एक माणूस गवतात झोपला, गवताला आग लागली, आणि त्याचा कुत्रा ओढ्यात अंग भिजवून पुन्हा पुन्हा त्याच्याभोवतीच्या गवतात लोळत राहिला. माणूस वाचला, कुत्रा दमून मेला. जागा झाल्यावर त्या माणसानं कुत्र्याला पुरलं आणि खूण म्हणून आपली काठी रोवली, तिचं झाड झालं, त्या झाडावरून गावाला नाव पडलं. तेराव्या शतकातल्या एका संग्रहात ही गोष्ट लिहून ठेवलेली आहे. याच ओसूमध्ये २०२१ साली देशातलं पहिलं सरकारी प्राणी अंत्यसंस्कार केंद्र सुरू झालं. दक्षिणेकडे राहत असाल तर ते लक्षात ठेवा.

बौद्ध घरांत माणसासाठी एकोणपन्नासावा दिवस पाळतात, दर सात दिवसांनी एक असे सात टप्पे. आता काही मंदिरांत कुत्र्या-मांजरांसाठीही हा विधी करतात. मोजणी मृत्यूच्या दिवसालाच पहिला दिवस धरून होते. दहावं-तेरावं मानणाऱ्या आपल्या घरांना हा कालावधी लांब वाटेल, पण मला तो योग्य वाटतो. पहिले दोन आठवडे कागदपत्रं आणि धक्का यांतच जातात, खरी पोकळी नंतर कळते. त्या दिवसापर्यंत त्याची वाटी, गादी, पट्टा हलवायची घाई करू नका, आणि दुसरं पिल्लू आणायचा विषयही काढू नका.

राख केंद्रातल्या 'बोंगानदांग'मध्ये, म्हणजे राख जपून ठेवण्याच्या दालनात, काचेच्या कप्प्यात ठेवायची असेल तर करार वर्षाचा असतो आणि डोळ्यांच्या उंचीवरचा कप्पा सगळ्यात महाग. जो माणूस व्हिसावर राहतो त्यानं करारात दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: पैसे थकले तर राख किती दिवस ठेवतात आणि मग तिचं काय करतात, आणि देश सोडताना तुमच्या वतीनं दुसरं कोणी ती घेऊन जाऊ शकतं का. त्या दुसऱ्या माणसाचं नाव आणि फोन नंबर पहिल्याच दिवशी करारात लिहून घ्या.